तीनदा उसवलेला कोट

शिवलेलं कापड उसवायची वेळ आली की माझं डोकं फिरतं. शिवताना हात आपसूक चालतो आणि मन कुठंही हिंडून येतं. उसवताना मात्र एकेक टाका डोळ्यांपुढं धरावा लागतो, आणि तो टाका दुसऱ्या कुणी नाही, आपणच घातलेला असतो. म्हणून माझ्या दुकानात एकच नियम होता: माप एकदा दिलं की दिलं, मागाहून मत बदलायचं नाही. पौडच्या पेठेत पीरमहंमद टेलर फाटक्या तोंडाचा पण पक्क्या शिवणीचा, असं लोक म्हणत, आणि माझी त्याला काही हरकत नव्हती. माझा नियम एकाच माणसानं मोडला, तोही एकाच कोटावर तीनदा. त्याचं नाव वाल्मीक जोरी, राहणार माले.

हे नाव मी मुद्दाम पुरतं लिहितो आहे, कारण त्याला या नावानं कुणी हाक मारत नसे. पौडपासून मुळशीपर्यंत तो सगळ्यांचा ‘राणीसाहेब’ होता.

मालेच्या जत्रेला गावातले लोक नाटक करत. नाटक दरवर्षी नवं, पण आतली माणसं ठरलेली. एक राजा, एक राणी, एक सेनापती, एक कपटी प्रधान आणि हसवायला एक सोंगाड्या. त्यांचे कपडे माझे वडील शिवत आणि वडिलांमागं मी शिवू लागलो. त्या काळी बायका रंगमंचावर येत नसत, त्यामुळे राणी गावातल्याच कुणा पोराला व्हावं लागे. वाल्मीक मिसरूड फुटायच्या आधी राणी झाला आणि मिसरूड फुटल्यावरही राणीच राहिला, कारण त्याच्यासारखी राणी दुसऱ्या कुणाला जमेना. तो नाजूक होता म्हणून नव्हे. भर दरबारात राजा चुकला की त्याला खडसावायचं काम राणीकडं असे, आणि ते तो असं काही करी की राजा झालेला माणूस खरोखरच खाली बघे. कोळवणहून बैलगाड्या जोडून बायका यायच्या आणि घरी गेल्यावर महिनाभर पदर त्याच्यासारखा घ्यायच्या. त्याची बायको रंभाबाई कोळवणचीच. लग्नाआधी तिनं त्याला पाहिला तो शालू नेसलेला.

जत्रेपुरतं हे ठीक होतं. पण हे बिरूद जत्रेनंतरही त्याच्या अंगावरून उतरेना. ‘राणीसाहेब, तुमचा बैल आमच्या वावरात शिरलाय.’ ‘राणीसाहेब, जरा तंबाखू मळा.’ कुणी वाईट मनानं म्हणत नसे, हीच मोठी अडचण होती, कारण भांडायचं तरी कुणाशी? एकदा दुकानात बसला असताना त्यानं मला सांगितलं, की बाप गेला तेव्हा तिरडीला खांदा द्यायला तो पुढं झाला, तर मागून कुणीतरी सवयीनं म्हणालं, ‘राणीसाहेब, जरा डावीकडं सरका.’ म्हणणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. वाल्मीक डावीकडं सरकला. हे सांगताना तो हसला नाही, आणि एरवी कशावरही हसणारा मी, मलाही हसू आलं नाही.

बहात्तर सालचा पाऊस दडी मारून बसला तेव्हा तो बायकोला घेऊन पिंपरीला गेला. तिथं एका कारखान्यात खोकी भरायच्या कामावर लागला आणि नऊ वर्षं राहिला. तिथं त्याला राणीसाहेब म्हणणारं कुणी नव्हतं. पुढं त्या कारखान्याला टाळं लागलं आणि एक्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर तो परत आला. माझ्या दुकानाच्या पायरीवर उभा राहिला तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही. अंगानं भरला होता आणि ओठावर भल्या मोठ्या मिशा राखल्या होत्या. तो सांगत होता, की एसटीतून उतरताना कंडक्टरनं पाठीमागून हाक दिली, ‘राणीसाहेब, पिशवी ऱ्हायली.’ नऊ वर्षं आणि एवढ्या मिशा, सगळं एका हाकेत पाण्यात गेलं.

म्हणून त्याला राजा व्हायचं होतं. पुन्हा नाटकात शिरायचं तर राजा म्हणूनच, असं तो पायरीवरूनच म्हणाला. लोकांच्या तोंडातून राणी काढायची तर तिच्या जागी दुसरं काहीतरी घालावं लागेल, नुसतं नको म्हणून ती जाणार नाही, असा त्याचा हिशेब होता. मला तो पटला. खरं सांगायचं तर तेव्हा मला वाटलं, की हा माणूस नऊ वर्षांत शहाणा होऊन आला आहे.

मालेत नाटकातलं काम नुसतं मागून मिळत नसे. माघी पौर्णिमेला देवळात प्रत्येक कामाचा एक नारळ मांडत. ज्याला जे काम हवं त्यानं तो नारळ उचलायचा, लाल फडक्यात बांधायचा आणि घरी आढ्याला टांगायचा. मग तीन जत्रा ते काम त्याचं. मध्ये सोडायचं नाही, बदलायचं नाही, आणि तिसऱ्या जत्रेनंतरच्या पौर्णिमेला तो नारळ देवापुढं फोडला की माणूस दुसरं काही घ्यायला मोकळा. एखाद्यानं हौसेनं सेनापती घेतला आणि पहिल्याच जत्रेत लोकांनी त्याची टर उडवली, तरी उरलेल्या दोन जत्रा त्यानं तलवार फिरवायचीच. त्यामुळे नारळ उचलण्याआधी लोक तालमीत वेगवेगळी कामं करून बघत. जयसिंगनं, म्हणजे तिथल्या जुन्या राजानं, आपल्या तीन जत्रा नुकत्याच पुऱ्या केल्या होत्या. राजाची जागा रिकामी होती आणि वाल्मीक नेमका आला होता. यापेक्षा चांगला योग कुठला?

गावानं पुण्याहून मरून रंगाची मखमल आणली होती. पुरेल ती एकाच कोटाला, आणि तो कोट ज्याला शोभेल त्याला द्यायचा असं ठरलं होतं. वाल्मीकला राजा करून बघणार म्हटल्यावर मी त्याचं माप घेतलं. गुडघ्यापर्यंत लांब कोट, खांद्याला भर, कडेनं जर. माझी बायको गुलशन हिनं जरीचं काम हातानं केलं. पहिल्या रंगीत तालमीला मी स्वतः कोट घेऊन गेलो, कारण चांगली शिवण अंगावर बघायची हौस मलाही आहे.

तालीम शाळेच्या पडवीत होती. वाल्मीक मास्तरांच्या खुर्चीवर बसला, छाती काढून, मिशीला पीळ देऊन. पहिलं वाक्य बरं म्हणाला. दुसऱ्या वाक्याला त्याचा उजवा हात आपोआप डाव्या खांद्यावर गेला आणि नसलेला पदर सारखा करून आला. पडवीत खसखस पिकली. मग राणीनं राजाला खडसावायचा प्रसंग आला. वाल्मीक गेल्यापासून राणीचं काम पुण्याहून बोलावलेली बाई करी, पण ती ऐन जत्रेलाच यायची, म्हणून तालमीला सोंगाड्या भिकू तिची वाक्यं वाचत होता. तर राजा झालेल्या वाल्मीकचे ओठ भिकूच्या आधी हलत होते. राणीचं प्रत्येक वाक्य तो मनात म्हणत होता, आणि स्वतःच्या वाक्याची वेळ आली की गोंधळून भिकूकडं बघत होता.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो दुकानात आला आणि म्हणाला, की राजाला फार बसावं लागतं, सेनापती बरा. मी कोट उसवला. सेनापतीचा कोट आखूड आणि कमरेत घट्ट असतो. मखमलीला कात्री लावायची माझी छाती होईना, म्हणून खालचं कापड आत दुमडून टाकलं. तालमीत त्यानं तलवार धरली ती आरतीच्या तबकासारखी, दोन्ही हातांनी. जयसिंग म्हणाला, ‘सेनापती, लढाई हाय, ओवाळनी न्हाई.’

मग कपटी प्रधान. मी पुन्हा कोट उसवला, ढगळ केला, उंच कॉलर लावली. प्रधानानं राणीवर खोटा आळ घ्यायचा असतो. आळ घेताना वाल्मीकचा गळा दाटून आला. बघणारे म्हणाले, हा कसला प्रधान, हा तर तिच्या माहेरचा वाटतो.

प्रधानाचा कोट त्यानं माझ्या टेबलावर आणून ठेवला, तेव्हा माझा संयम संपला होता. मी त्याला नाही नाही ते बोललो. एवढं म्हातारं होऊन स्वतःचं काय ते ठरवता येत नाही, आणि तुझ्या ठरवण्यापायी माझे डोळे जायची वेळ आली, असं म्हणालो. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मला वाटलं होतं उलटून बोलेल, निदान कोट तरी फेकून मारेल. पिंपरीनं त्याला ही मान खाली घालायची सवय चांगलीच लावली होती. शेवटी म्हणाला, ‘मास्तर, जमो न जमो, राजाच करा. मला राजाच व्हायचंय.’ आत गुलशन सुईत दोरा ओवत होती, ती मला म्हणाली, की द्या करून, नाहीतरी तुम्ही उसवणारच. मी तिसऱ्यांदा कोट उसवला आणि राजाचा केला. खालची दुमड काढली तिथं मखमलीवर एक रेघ राहून गेली. ती इस्त्रीनं गेली नाही, वाफेनं गेली नाही.

माघी पौर्णिमेला सकाळी मी तो कोट हातावर टाकून देवळाच्या पायरीपाशी उभा होतो. नारळ उचलला की राजानं कोट घालायचा आणि गावानं बघायचा, असं ठरलं होतं. आत कुशाबा बसले होते. नारळांचा सगळा कारभार त्यांच्याकडं. त्यांच्या तोंडावर उलट बोलायची जयसिंगचीही प्राज्ञा नव्हती. वाल्मीक धुतलेलं धोतर नेसून आला, पाया पडला आणि त्यानं राजाच्या नारळाला हात घातला. कुशाबांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

‘आदीचा नारळ कुटंय?’

वाल्मीकला कळेना. कसला आधीचा, असं त्यानं विचारलं.

‘राणीचा,’ कुशाबा म्हणाले. ‘दुस्काळाच्या साली उचल्ला व्हतास. येक जत्रा केलीस न्‌ गेलास. दोन ऱ्हायल्या.’

बायकांच्या बाजूनं रंभाबाईचा आवाज आला. ‘आढ्यालाच हाय. भुई सारवताना रोज दिसतोय मला.’

वाल्मीकनं वळून तिच्याकडं पाहिलं. परत आल्यापासून त्यानं आपल्याच घराच्या आढ्याकडं मान वर करून पाहिलं नव्हतं. कोट तीनदा उसवून झाला, तीन कामं करून झाली, आणि या बाईला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मला तर कोट घेऊन तिथंच खाली बसावंसं वाटलं.

वाल्मीकचा आवाज चढला, म्हणजे त्याच्या मानानं चढला. नऊ वर्षं तुम्ही पुण्याची बाई आणलीत, तेव्हा कुणाला माझा नारळ आठवला नाही का, असं त्यानं विचारलं.

‘बाईला नारळ कंदी दिलाच न्हाई,’ कुशाबा म्हणाले. ‘ती पावनी. जागा तुजीच व्हती.’

हे त्यांनी प्रेमानं सांगितलं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं असणार. वाल्मीक उठून चालता झाला. ज्या गोष्टीपासून तो पळाला होता ती गोष्ट गावानं नऊ वर्षं त्याच्यासाठी जपून ठेवली होती. देवाशी भांडता येतं, पोलिसाशी भांडता येतं, पण आपली जागा धरून ठेवणाऱ्यांशी कसं भांडायचं, ते मला आजही कळलेलं नाही.

मी कोट घेऊन त्याच्या घरी गेलो. तो पडवीत भिंतीकडं तोंड करून बसला होता. आत वर पाहिलं तर लाल फडकं धुरानं काळं पडून लोंबत होतं. रंभाबाईनं चहा दिला. मी तिला सरळ विचारलं, की वहिनी, ठाऊक होतं तर बोलला का नाहीत? निदान माझी शिवण तरी वाचली असती.

ती चुलीपुढं बसली आणि माझ्याशी बोलली, पण आवाज पडवीपर्यंत जाईल असा काढला. ‘नऊ वर्सं पिंपरीत काडली, मास्तर. खोलीमालकानं पानी बंद केलं, ह्यांची मान खाली. मुकादमानं समद्यांसमूर आईवरनं शिवी दिली, ह्यांची मान खाली. मी म्हनायची, आवो, राजाला भर दरबारात खडसावनारी ती बाई कुटं गेली? तर म्हनायचे, ती मालेलाच ऱ्हायली. मंग मी हितं आले न्‌ वर बगितलं, तर नारळ हाय. मी कशापायी सांगू?’

पडवीतून वाल्मीक भिंतीकडं बघतच म्हणाला, ‘तुला बी तेवडी राणीच दिसली.’

मला त्या क्षणी दोघांचाही राग आला आणि दोघांचंही खरं वाटलं. तिला ताठ कण्याचा नवरा हवा होता आणि तो तिनं एकाच वेषात पाहिला होता. त्याला त्या वेषाशिवाय स्वतःचं नाव हवं होतं. दोघांच्या मध्ये मी तीनदा उसवलेला कोट घेऊन चहा पीत होतो.

तोड कुशाबांनी काढली. पुढच्या बाजाराला ते वाल्मीकला घेऊन माझ्याच दुकानात आले, बहुतेक साक्षीला कुणीतरी गावाबाहेरचा असावा म्हणून. राणीच्या दोन जत्रा पुऱ्या कर, तोवर राजाचा नारळ मी देवाजवळ ठेवतो, कुणाला देत नाही, असं त्यांनी सांगितलं. जयसिंग दोन वर्षं बिननारळाचा राजा होईल. तिसऱ्या वर्षी राजा तू. वाल्मीकनं त्यांना दोनदा विचारून घेतलं. मग तो समोरच्या सलूनमध्ये गेला आणि मिशा उतरवून आला, आणि हात पसरून माझ्यापुढं उभा राहिला. मी त्याच्या चोळीचं माप घेतलं. छाती, कंबर, दंड, सगळं वाढलं होतं. मी आकडे मोठ्यानं म्हणायचं टाळलं. राजाचा कोट मी फडक्यात गुंडाळून खुंटीला अडकवला. जयसिंगनं तो मागितला होता, पण तो कोट त्याच्या रुंद पाठीवर चढला नसता, आणि चढला असता तरी मी दिला नसता.

जत्रेच्या दिवशी मीही गेलो. पडदा वर गेला आणि चाळिशी ओलांडलेली, गोल झालेली राणी पुढं आली, तशी पुढच्या रांगांतल्या तरण्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. त्यांना वाल्मीकला राणी म्हणून पाहिल्याचं आठवत नव्हतं. त्यांना पुण्याची बाई हवी होती. वाल्मीक थांबला. शिट्ट्या संपेपर्यंत नुसता उभा राहिला. मग राजाकडं बघून, पण पोरांना ऐकू जाईल असं म्हणाला, ‘महाराज, आपल्या दरबारात बोलायची बंदी असेल, तर निदान ऐकायला शिका.’ हे वाक्य नाटकात होतं की त्यानं तिथंच जुळवलं, मला ठाऊक नाही. पुढं कुणी शिट्टी मारली नाही. जयसिंगएवढा धिप्पाड राजा, पण राणीनं खडसावलं तेव्हा त्यानं खरोखर खाली पाहिलं. रंभाबाई बायकांत पुढं बसली होती, पदराचं टोक दातांत धरून, आणि तिच्या तोंडावर जे काही होतं ते बघून मी नजर वळवली. ते माझ्यासाठी नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्याची अवस्था आधीपेक्षा वाईट. जे विसरले होते त्यांना आठवण झाली आणि ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही समजलं. तो पिंपरीला असताना जन्मलेली पोरंसोरं राणीसाहेब म्हणून हाका मारू लागली. एकदा कसल्याशा दाखल्यासाठी एका कचेरीत तो दिवसभर ताटकळला आणि शेवटी कारकुनाला असं काही बोलला की दाखला लगेच हातात पडला. रंभाबाई ही हकीकत सगळ्यांना सांगत सुटली. वाल्मीक मात्र माझ्याकडं येऊन पडेल चेहऱ्यानं बसला. म्हणाला, ते बोलणं माझं नव्हतं, राणीचं होतं, आवाज पण तिचाच लागला. मी म्हटलं, अरे, दाखला तुझ्या नावाचा मिळाला ना? त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, की जणू पीरमहंमदला कपड्यापलीकडं काही कळत नाही.

दुसऱ्या जत्रेआधी तो मला एक वाक्य बोलला ते मी विसरलो नाही. ‘मास्तर, वाईट काम केलं आसतं तर सुटलो आसतो. पन मला ते वाईट करता येत न्हाई.’ आणि त्याला खरंच करता आलं नाही. दुसऱ्या जत्रेला तो पहिल्यापेक्षा सरस झाला. माझा हात टाळ्या वाजवत होता आणि मनात मी म्हणत होतो, की बाबा, जरा तरी चूक कर.

चौऱ्याऐंशीची माघी पौर्णिमा आली. मी पुन्हा पायरीपाशी, पुन्हा कोट हातावर. वाल्मीकनं आढ्याचा नारळ आणला होता. काळं झालेलं फडकं सोडलं आणि देवापुढं तो फोडला. आतलं खोबरं कधीच सुकून सुटलं होतं. त्याचा प्रसाद सगळ्यांना मिळाला, मलाही मिळाला. चांगलाच खवट होता. वाल्मीकनं तोंड पुसलं, पुढं झाला, आणि तेव्हा जयसिंग खाकरला.

जयसिंग त्या वर्षी जत्रा कमिटीचा प्रमुख झाला होता. यंदापासून नाटक बंद, असं त्यानं सांगितलं. पुण्याहून व्हिडिओ आणायचा, दोन पिक्चर दाखवायचे. शेजारच्या गावांनी गेल्या वर्षीच आणला आणि आपल्या मांडवात माणसं कमी झाली. नाटकाला तालमी लागतात, कपडे लागतात, आणि एवढं करून तरणी पोरं उठून जातात. तो खोटं काहीच बोलत नव्हता. सगळे ऐकत होते आणि बरेच जण माना डोलावत होते. त्यांत ज्यांनी वाल्मीकला टाळ्या दिल्या होत्या तेही होते. कुशाबांना हे आधी ठाऊक असावं, कारण ते वातीकडंच बघत बसले.

‘मंग माजा नारळ?’ वाल्मीकनं विचारलं.

जयसिंग म्हणाला, कसला नारळ, नाटकच नाही तर राजा कशाचा? तेही रागानं नाही. समजूत घालावी तसं.

कुशाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. देवाच्या बाजूला दोन वर्षं ठेवलेला नारळ त्यांनी उचलला आणि वाल्मीकच्या हातात दिला. ‘म्या शबूद दिलाय,’ एवढंच म्हणाले. वाल्मीकनं तो लाल फडक्यात बांधला. आता तीन जत्रा तो राजा, देवाच्या साक्षीनं, आणि बसायला एक खुर्चीसुद्धा नाही. मला इतका संताप आला की कोट कुणालाही न दाखवता मी तसाच पौडला निघून आलो. मनात आलं, सगळ्या गावाच्या कपड्यांचे टाके बसल्या जागी उसवून द्यावेत.

तिसऱ्या प्रहरी तो दुकानात आला. कोट मागितला. मी तो त्याच्या अंगावर चढवला. खांदे अजून बरोबर बसत होते, पण दोन वर्षांत पोट सुटलं होतं आणि बटणं लागेनात. गुलशन आतून बघत होती. मी म्हटलं, बस घटकाभर, बगलेतून उसवून मोकळा करून देतो. आयुष्यात पहिल्यांदा मी आपणहून उसवायला निघालो होतो.

‘ऱ्हाऊ द्या, मास्तर,’ तो म्हणाला. ‘आता उसवू नका.’

कोट पुढून उघडाच ठेवून, खाली धोतर, काखेत नारळाचं फडकं, असा तो पेठेतून चालत निघाला. मी दुकान तसंच सोडून त्याच्याबरोबर स्टँडपर्यंत गेलो. लोक बघत होते. तिथं उजेडात मखमलीवरची ती रेघ स्पष्ट दिसत होती आणि ती माझ्या हातची होती. मला वाटत होतं, कुणीतरी एकानं, निदान एकानं तरी त्याला आज दुसरं काही म्हणावं. एसटी लागली. दारात तोच कंडक्टर होता, नऊ वर्षांनी पिशवीची हाक देणारा. त्यानं वाल्मीकला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

‘काय राणीसाहेब,’ तो म्हणाला, ‘आज राजांचा कोट?’

वाल्मीक पायरीवर चढला, आणि ज्या आवाजापुढं धिप्पाड राजे खाली बघत, त्याच आवाजात त्याला म्हणाला, ‘त्यांचाच हाय. त्यांना यायला जमलं न्हाई. येक माले द्या.’